वाचक विचारतात: मासिकातली चित्रं सोडून हेलन अ‍ॅलिंगहॅम जलरंगांकडे का वळल्या?

प्रश्न: इंग्रज चित्रकार हेलन अ‍ॅलिंगहॅमची कौलारू, गवती छपरांच्या घरांची चित्रं फार आवडतात. पण त्या आधी मासिकांसाठी चित्रं काढायच्या म्हणे, मग ते काम सोडलं का?

उत्तर: हो, आणि ते काम हौसेचं नव्हतं, पोटापाण्याचं होतं. जन्म १८४८चा, वडील डॉक्टर, पण ते १८६२ मध्ये घटसर्पाने गेले. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकता शिकता काम सुरू केलं, ‘द ग्राफिक’ साप्ताहिकात नोकरीही मिळाली. १८७४ मध्ये थॉमस हार्डीची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ ही कादंबरी मासिकात क्रमशः आली, तिची चित्रं यांचीच, माहेरच्या पॅटरसन नावाने. त्याच वर्षी कवी विल्यम अ‍ॅलिंगहॅमशी लग्न झालं, डेडलाइनची कटकट कमी झाली नि मग मनासारखे जलरंग.

१८८१ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या विटली गावी गेल्यावर घरांचा नाद लागला तो कायमचाच. कागद खरवडून पांढरा उजेड काढायची यांची पद्धत भारी आहे, ओरिजिनल दिसलं तर कुंपणावरची फुलं जवळून बघाच! फक्त या घरांच्या चित्रांना हुबेहूब दस्तऐवज समजू नका, नव्या खिडक्यांच्या जागी बाई बिनधास्त जुन्या जाळीच्या खिडक्या रंगवायच्या. १८९० मध्ये रॉयल वॉटरकलर सोसायटीचं पूर्ण सदस्यत्व मिळालेल्या त्या पहिल्या बाई.