ओषधी, औषधी आणि वखद

ताई, तुमचा प्रश्न असा: शाळेच्या बागेतल्या पाटीवर 'ओषधी' लिहायचं की 'औषधी', आणि गोव्यात फोंड्याकडची म्हातारी माणसं 'वखद' म्हणतात तो तिसराच शब्द आहे का?

आधी थेट उत्तर. ओषधी म्हणजे वनस्पती. औषध म्हणजे आजारावर घ्यायचं ते, मग ते पाल्याचं असो की कारखान्यातल्या गोळीचं. प्रमाण मराठीत 'औषधी' हे मुख्यतः विशेषण आहे: औषधी गुण, औषधी वनस्पती. मराठवाड्यात 'औषधी आणल्या' म्हणतात, तो तिथला बोलीतला वापर. पण पाटीवर एकटा 'औषधी' लिहिलात तर वाचणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहील.

हा भेद पाणिनीनेच घालून दिलाय. 'ओषधेरजातौ' हे त्याचं सूत्र. वनस्पतीची जात सांगायची नसेल तेव्हाच ओषधीपासून 'औषध' होतं. म्हणून पितात ते औषध आणि शेतात रुजते ती ओषधी.

ओषधी म्हणजे कुठलीही वनस्पती का? जुन्या नेमक्या अर्थाने नाही. चरकसंहितेत व्याख्या आहे, 'ओषध्यः फलपाकान्ताः', म्हणजे फळ पिकलं की जिचं आयुष्य संपतं ती. या हिशेबाने हिरड्याचं झाड ओषधी नव्हे, पण भात मात्र ओषधी. तैत्तिरीय उपनिषदात पृथ्वीपासून ओषधी आणि ओषधींपासून अन्न असा क्रम येतो, तो असा वाचला की लख्ख उमगतो.

मुलांना हे दाखवायचं तर तायकिळो दाखवा, आपण मराठीत टाकळा म्हणतो तो. पहिल्या पावसानंतर तो कुंपणाकडेला आपसूक उगवतो. पानं गोलसर, जोडीजोडीने, आणि तिन्हीसांजेला मिटतात. कोवळा असताना बिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या, आणि ओलं खोबरं घालून त्याची भाजी होते. मग पिवळी फुलं, मग वाकड्या लांब शेंगा, आणि शेंगा पिकल्या की झाड उभ्याउभ्या वाळून जातं. फलपाकान्ता म्हणजे काय ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. त्याचं संस्कृत नाव दद्रुघ्न, दद्रू म्हणजे नायटा. एकाच झाडात भाजी, व्याख्या आणि औषध, म्हणून माझा जीव त्याच्यावर जास्त.

आता वखद. हा तिसरा शब्द नव्हे, औषधच आहे. 'ष'चा उच्चार 'ख' झाला, जुन्या मराठीत ओखद, वोखद झालं आणि कोकणीत वखद राहिलं. याच वाटेने विषाचं वीख झालं, मराठीतला विखार त्याच घरातला. औषध आणि विष दोन्ही एकाच उच्चाराने बदलले, याचं मला अजून नवल वाटतं. पण हा काही सरसकट नियम नव्हे. कषायाचा, म्हणजे काढ्याचा, आपल्याकडे 'कसाय' झाला, तिथे 'ष'चा 'स' झालाय. आणि जुनं वाचताना 'वोखटे' दिसलं तर ते औषध समजू नका, वोखटे म्हणजे वाईट.

वखद तयार करायचे शब्दही मुलांच्या कानावर घाला. सहाणेवर हळकुंड, वेखंड उगाळतात, पाला वाटतात, सुंठ कुटतात, साल उकळून काढा करतात. आमच्या घरी आजी बाळगुटी उगाळताना वेढे मोजायची, अमक्याचे दोन, तमक्याचा एकच. वेढा म्हणजे सहाणेवर मुळी एकदा गोल फिरवणं. हेच तिचं माप होतं.

पाटीबद्दल एक सावधगिरी. काही वर्षांपूर्वी एका शाळेसाठी मी 'ओषधी' असं लिहून दिलं होतं. रंगवणाऱ्याला ती चूक वाटली आणि त्याने एक मात्रा वाढवून टाकली. मुलं तीन वर्षं तेच वाचत होती, आणि मला ते फार लागलं. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि रंगवताना स्वतः उभ्या राहा.

बागेत झाडं, वेली, रोपं सगळंच असेल तर 'औषधी वनस्पती' लिहा, ते निर्विवाद आहे. नुसतं 'ओषधी' तायकिळ्याच्या वाफ्यासाठी ठेवा. आणि प्रत्येक झाडाखाली मराठी नावाबरोबर इथलं नावही लिहा, टाकळा आणि तायकिळो, गुळवेल आणि अमृतवेल. मुलांच्या आज्या त्याच नावाने ओळखतात.