अमेरिकेत होम हेल्थ एडला (रुग्णाची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या मदतनिसाला) किती तासांचं प्रशिक्षण लागतं? मध्ये खंड पडला तर?

मेडिकेअरमान्य (मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) एजन्सीत नेहमीचा मार्ग म्हणजे किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि क्षमता चाचणी. हे केंद्रीय नियमावलीच्या ४२ सीएफआर ४८४.८० या कलमात आहे. त्या ७५ तासांत आधी किमान १६ तास वर्ग, मगच किमान १६ तास देखरेखीखालचं प्रात्यक्षिक. हा क्रम उलटा चालत नाही. पुढे दर १२ महिन्यांत १२ तासांचं सेवांतर्गत प्रशिक्षण. अनेकजण अडकतात ते खंडामुळे: सलग २४ महिने हे काम पगारावर केलं नाही, तर जुनं प्रमाणपत्र चालत नाही, पात्रता नव्याने मिळवावी लागते. म्हणून पगारपत्रकं जपून ठेवाच. मात्र राज्याचा नियम अधिक कडक असू शकतो (कॅलिफोर्नियात १२० तास), आणि फक्त आंघोळ-जेवणात मदत करणाऱ्या पर्सनल केअर एडचे नियम राज्यागणिक बदलतात.