घरी केलेला आकाशकंदील दिवाळी संपायच्या आत वाकडा होतो. सोपा आणि टिकाऊ कसा करायचा?

प्रश्नात तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. कंदील वाकडा का होतो, टिकेल असा सोपा प्रकार कोणता, आणि आठ वर्षांच्या मुलीला हाताशी घेऊन एका रविवारात होईल का. शेवटचं आधी सांगतो: एका दिवसात होणार नाही. एक दिवस सांगाड्याला, एक दिवस कागदाला, आणि मधली रात्र वाळण्यासाठी. दिवसभरात उरकणारे आइस्क्रीमच्या काड्यांचे नि कागदी पेल्यांचे कंदील घरात टेबलावर ठेवा. सोलापुरात गच्चीच्या वाऱ्याला ते टांगू नयेत.

वाकडा होण्याचं कारण चौकोनात आहे. चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यांत कितीही आवळून बांधा, बाजूने दाब आला की तो शंकरपाळ्यासारखा कलतो. त्रिकोण कलत नाही. कागद ताणलेला असेपर्यंत तोच चौकोन धरून ठेवतो. पहाटेच्या गारव्याने कागद सैल पडला आणि त्यात वारा लागला, की सगळा सांगाडा पिळला जातो. म्हणून प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरके दोरे ताणायचे. हे बहुतेक जण करत नाहीत आणि मग बांबूला दोष देतात.

चार उभ्या चौकोनांचा जुना प्रकार घ्या. त्याला २४ काड्या लागतात, सगळ्या एकाच लांबीच्या. बुरडाकडून हिरव्या, ओलसर बांबूच्या कामट्या घ्या, ७ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड. वाळलेला बांबू चिरताना पेरापाशी फुटतो. वरची गुळगुळीत साल तासून टाकू नका, ताकद तिच्यातच असते. आतली बाजू हवी तेवढी तासा. कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर बोटात कूस जाते आणि कागदही तिथंच फाटतो. काडी ३२ सेंमी कापा आणि दोन्ही टोकांपासून १ सेंमी आत उथळ खाच पाडा, म्हणजे गाठीपासून गाठीपर्यंत बरोबर ३० सेंमी राहतात. पेर खाचेच्या जागी येऊ देऊ नका. मापाची एकच काडी ठरवायची आणि सगळ्या तिच्यावर ठेवून कापायच्या. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं केलं की चूक वाढत जाते आणि शेवटच्या काड्या जागेवर बसत नाहीत. चार काड्या जास्तीच्या करून ठेवा.

दोरा सुतीच हवा. नायलॉनची गाठ सरकते. शहराच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीचा कारखानदार असेल तर चादरीचं उरलेलं सूत मागून आणा, चार पदर एकत्र पिळा, त्याच्या तोडीचा दोरा दुकानात मिळत नाही. प्रत्येक सांध्यावर आधी फुलीसारखे तीन वेढे, मग दोन काड्यांच्या मधून दोन आडवे वेढे. हे आडवे वेढे आधीच्यांना आवळतात. ते सोडले तर गाठ वरून घट्ट दिसते आणि काडी आतल्या आत हलत राहते.

आधी चार सुटे चौकोन बांधा. प्रत्येकाचे दोन्ही कर्ण मोजा, साधारण ४२.४ सेंमी यायला हवेत. आकड्यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. मग तिरके दोरे ताणा. आता हे चौकोन एकेका कोपऱ्यावर उभे करा आणि बाजूचे कोपरे एकमेकांना बांधून चौघांचं कडं करा. वर चार कोपरे मोकळे राहतात, खाली चार. वरचे चार कोपरे चार काड्यांनी जोडा, खालचे चार उरलेल्या चार काड्यांनी. मापं बरोबर असतील तर काड्या ओढाताण न करता बसतात. एखादी काडी वाकवून बसवावी लागली तर तिथं थांबा आणि कुठला चौकोन कललाय ते शोधा, कागद लावल्यावर दुरुस्ती होत नाही. वरच्या आणि खालच्या चौकोनातही तिरके दोरे हवेत, फक्त वरचे दोरे बल्बची वायर जाईल एवढे बाजूला सरकवून बांधा. तयार सांगाडा उंचीला नि रुंदीला सुमारे ४२ सेंमी भरतो. सगळ्या सांध्यांना खळ, म्हणजे पीठ शिजवून केलेली चिकी (कृती पुढे आहे), चोपडून रात्रभर वाळवा आणि सकाळी बाहेर आलेली टोकं कात्रीने छाटा.

खळ म्हटल्यावर तुमच्या प्रश्नातल्या त्या वाक्याकडे येतो: "पांढरा गोंद भरपूर लावला होता, तरी कागद कडेला फाटला." तरी नाही, म्हणूनच फाटला. हेच मी आमच्या दाजींना कित्येक दिवाळ्या सांगतोय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हाताने कुशल माणूस, घरातलं सगळं लाकूडकाम स्वतः करतात, पण कंदिलाच्या बाबतीत त्यांचा एकच हेका: "खळ शिजवत कोण बसतंय बे? गोंद लाव आणि मोकळा हो."

एका दिवाळीला बहिणीच्या गॅलरीत दोन कंदील शेजारी लागले. बांबू एकच, पतंगी कागद मधल्या मारुतीजवळच्या एकाच दुकानातला, रंगही तेच. दाजींनी गोंद वापरला, मी चिंचोक्याची खळ. धनत्रयोदशीला दोन्ही सारखेच दिसत होते. पाडव्यापर्यंत दाजींच्या कंदिलाला दोन ठिकाणी चीर गेली. ती चीर मी त्यांना जवळून दाखवली. गोंद वाळून काडीच्या कडेने जी चकचकीत, कडक रेघ तयार झाली होती, बरोबर तिच्या लगत कागद सरळ कापल्यासारखा सुटला होता. पतंगी कागद मऊ, वाऱ्याने आत-बाहेर होणारा, आणि गोंदाची रेघ ताठ. सगळं वाकणं त्या एका रेषेवर येतं. खळ पातळ पसरते, कागदात मुरते, तिची कड अशी टणक होत नाही. दाजींचं म्हणणं, वारा त्या बाजूने जास्त होता. दोन्ही कंदील एकाच दोरीवर होते.

पण खरा फरक तुळशीच्या लग्नानंतर कळतो. खळीने चिकटवलेला कागद ओल्या फडक्याने भिजवला की थोड्या वेळात बोटाने सोलून निघतो, सांगाडा पुसून वाळवायचा आणि माळ्यावर ठेवायचा. पुढच्या वर्षी फक्त कागद नवा. दाजींनी सुरीने गोंद खरवडला, त्यात सांध्यांचे दोरे कापले गेले आणि सांगाडा खिळखिळा झाला. तेव्हा ते म्हणाले, "नवा करू की, त्यात काय." चोवीस काड्या मापाने तासायला जो वेळ जातो तो ज्याने घालवलाय त्याला हे पटणार नाही. आणि हे सोलापुरात ऐकावं लागतं याचं मला जास्त वाईट वाटतं. या गावाचे माग सुताला खळ दिल्याशिवाय चालले नाहीत. धनगरांच्या घोंगडीलाही चिंचोक्याचीच खळ. चादर सगळ्या देशात नावाजायची आणि खळीला जुनाट म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आता खळ कशी करायची ते. चिंचोके कढईत भाजा, साल तडकली की कुटून ती काढून टाका, आतला पांढरा गर रात्रभर भिजवून बारीक वाटा. तयार पीठ मिळालं तर उत्तम. ५० ग्रॅम पीठ आधी थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, एकूण पाणी अर्धा लिटर करा आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं सतत ढवळत शिजवा. पांढुरकेपणा जाऊन चकाकी आली आणि चमच्यावरून जाड धार पडायला लागली की झाली. गरम पाण्यात पीठ टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या कागदाखाली फोडासारख्या दिसतात. चिंचोके नसतील तर मैदा: दोन मोठे चमचे मैदा, एक मोठा पेला पाणी, पद्धत तीच. मैद्याची पकड थोडी कमी, पण पतंगी कागदाला पुरते. ऑक्टोबरच्या उष्म्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून सांध्यांसाठी वेगळी आणि कागदासाठी वेगळी करा.

कागदाचा ताव साधारण ५० बाय ७५ सेंमी असतो. दीड सेंमी पदर धरून एका तावात दोन चौकोन किंवा तीन त्रिकोण बसतात. म्हणजे चार चौकोनांना दोन ताव, वरचे चार नि खालचे चार अशा आठ त्रिकोणांना तीन, आणि सजावटीच्या कागदी करंज्या-झिरमिळ्यांना आणखी दोन. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा. उष्णता वरून जाते, वारा आरपार निघतो.

खळ काडीला लावा, कागदाला नाही. कागदाला लावली की तो लगेच ओला होऊन लोंबतो. पदराला कोपऱ्यांवर काप देऊन तो आतल्या बाजूला वळवा. एका बाजूचा चौकोन लावला की लगेच समोरचा लावा, म्हणजे ताण दोन्हीकडून सारखा बसतो. सुरकुत्या राहिल्या तर खेचू नका. खळ पूर्ण वाळल्यावर लांबून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा, वाळताना कागद आक्रसून ताठ होतो. मात्र पतंगी कागदाचा रंग पाण्याने सुटतो, गडद लाल आणि जांभळा तर फार. आधी एका तुकड्यावर करून पाहा. डाग पडण्यापेक्षा चार सुरकुत्या बऱ्या.

झिरमिळ्यांबद्दल फार लिहीत नाही, ते प्रत्येक घरात येतं. शेपट्या मात्र ५० सेंमीच्या आत ठेवा आणि अर्ध्या सेंमीच्या पट्ट्या कापून मोकळ्या सोडा. रुंद, लांब शेपटी वारा धरते आणि खालचे सांधे ओढते.

टांगताना वजन वायरवर येता कामा नये. वरच्या चार कोपऱ्यांना चार सारख्या लांबीचे दोरे, ते वर एका कडीत, आणि कडी हुकाला. वायर वेगळी, जरा सैल. एकाच दोरीवर लटकणारा कंदील गरगर फिरतो, वायरला पीळ बसतो आणि होल्डरपाशी ती तुटते. म्हणून खालच्या एका कोपऱ्यापासून गॅलरीच्या गजाला एक बारीक दोरा बांधा. बल्ब बरोबर मधोमध, ७ किंवा ९ वॉटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा. पांढऱ्या एलईडीत लाल-केशरी कागद मळकट दिसतो. जुना ६० वॉटचा बल्ब कागदी कंदिलात घालू नका.

मुलीच्या वाट्याला काय येईल? पदराचे काप, झिरमिळ्या, काडीला खळ लावणं, कर्ण मोजणं. कामट्या तासणं नाही. आठव्या वर्षी ती सुरी हातात नको. तिला स्वतःचा कंदील हवा असेल तर २२ सेंमीच्या काड्या कापून द्या, गाठीपासून गाठीपर्यंत २० सेंमी राहतील आणि कर्ण २८.३ सेंमी येईल. बाकी सगळं तेच.

काही गोष्टी वर राहून गेल्या. झुरळं आणि उंदीर खळ खातात, म्हणून जुनी माणसं तिच्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. मोरचूद विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर घालूच नका, सांगाडा माळ्यावर ठेवताना नीट पुसून ठेवलात तर भागतं. घालायचीच असेल तर खळ उतरवून टाकाऊ प्लास्टिकच्या डब्यात काढा आणि लाकडी काडीने ढवळा. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात मोरचूद टाकली तर पातेलं खराब होतं आणि स्वयंपाकाची भांडी तर त्यासाठी वापरूच नयेत.

पावसात कागदी कंदील टिकत नाही, खळीचाही नाही आणि गोंदाचाही नाही. आपल्याकडे परतीचा पाऊस कधी कधी दिवाळीच्या तोंडाशी येतो, आभाळ आलं की बल्ब बंद करून कंदील आत घ्या. आणि पांढरा गोंद सगळीकडे वाईट आहे असंही नाही. करंज्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवायला, सोनेरी पट्टी बसवायला मीसुद्धा तोच वापरतो. फक्त काडी आणि पतंगी कागद यांच्यामध्ये तो येऊ देऊ नका.