पडीक रान आणि छोटा ट्रॅक्टर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : दोन एकर रान आठ वर्षे पडून आहे. मध्यम काळी जमीन, खाली मुरूम, वर घाणेरी आणि वेड्या बाभळीची झुडपे. ट्रॅक्टर २४ एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह, वजन साधारण ८५० किलो. दुकानदार दोन फाळी पल्टी नांगर आणि ५ फुटी रोटाव्हेटर घ्या म्हणतो. घ्यावे का? (पारनेर तालुका)

दोन्ही घेऊ नका. दोन्ही अवजारे चांगली आहेत, पण ती तुमच्या ट्रॅक्टरची नाहीत.

अवजार निवडताना सगळे एचपी विचारतात. छोट्या ट्रॅक्टरची ताकद मात्र कमी पडते ती इंजिनात नाही, टायरखाली. आकडे मांडून पाहा. टू व्हील ड्राइव्हमध्ये ओढायचे काम फक्त मागची चाके करतात. त्यांच्यावर तुमच्या ८५० किलोंपैकी ५०० ते ५५० किलो येतात, आणि नांगर जमिनीत असताना त्याचा थोडा भार त्यात मिळतो. घट्ट जमिनीवर या भाराच्या साधारण निम्मी ओढ मिळते, म्हणजे २५० ते ३०० किलो. भुसभुशीत रानात त्याहून कमी.

आता नांगराला किती ओढ लागते ते पाहू. एक फाळ २५ सेंमी रुंद आणि १८ सेंमी खोल चालला, तर मातीचा ४५० चौरस सेंमीचा काप निघतो. ओल असलेल्या मध्यम काळ्या जमिनीत दर चौरस सेंमीला अर्धा किलो धरला तर ओढ २२५ किलो. हे जमते. तीच जमीन वाळून टणक झाली की दर ०.९ किलोपर्यंत जातो, आणि ओढ ४०५ किलो होते. ट्रॅक्टर जागेवर चाक फिरवतो. इंजिनाला मात्र यात फार काही करावे लागत नाही : २२५ किलो ओढ ताशी ४ किमी वेगाने म्हणजे सव्वातीन एचपीच्या आसपास. बाकीची ताकद आहे, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नाही. दोन फाळ लावले तर ओल्या जमिनीतही ४५० किलो लागतील. हिशोब तिथेच संपतो.

म्हणून तुमच्यासाठी यादी अशी : एक फाळी पल्टी नांगर, पाच फणांचा स्प्रिंगचा कल्टिव्हेटर (रुंदी मीटरभर), आणि एकच दात असलेला छोटा रिपर (जमीन न उलटता खोल चिरणारे अवजार). रोटाव्हेटर शेवटी, तोही ३ ते साडेतीन फुटी. आधी हे सगळे अवजारे बँकेतून, म्हणजे अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रातून, आणून दोन दिवस चालवून पाहिले तर उत्तम.

कामाचा क्रम चुकला की अवजारे मोडतात. आधी झुडपे कापा, पण जमिनीसरशी नव्हे. गुडघाभर सड ठेवा, म्हणजे पहारीने बुडखा हलवायला काहीतरी हातात राहते. घाणेरी मुळाच्या गड्ड्याखालून खणून काढायची, नुसती कापली तर पावसाळ्यात पुन्हा दाट होते. नंतर रान पायी फिरा आणि दिसणाऱ्या प्रत्येक धोंड्यावर चुन्याची खूण करा. (बाभूळ तोडण्याला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण बांधावर साग, खैर असेल तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. आधी वन विभागात विचारा.)

मग रिपर. पहिल्या फेरीत १२ ते १५ सेंमी, दुसऱ्या फेरीत त्याच रेघेत २२ ते २५ सेंमी. एकदम खोल घातला की दात मुळीत अडकतो आणि शिअर बोल्ट (जोर जास्त आला की आधी तुटणारा बोल्ट) तुटतो. तो तुटला यात वाईट काही नाही, तुटण्यासाठीच असतो. त्यानंतर आडवी फेरी. रेघांमधले अंतर ४० ते ५० सेंमी ठेवा. मग कल्टिव्हेटर, त्याने वर आलेली मुळे आणि दगड वेचायचे, मग नांगर. नांगर आधी घातला तर मुळ्यांनी फाळ उचलला जातो आणि तासाची खोली सारखी राहत नाही. कल्टिव्हेटर स्प्रिंगचाच घ्या. ताठ फणाचा स्वस्त मिळतो, पण पहिल्याच बुडख्याला एक फण वाकला की बचत संपली.

जमीन कधी फोडायची हे अवजारापेक्षा महत्त्वाचे. १५ सेंमी खोलीवरची माती मुठीत दाबा आणि छातीच्या उंचीवरून टाका. तीन-चार तुकडे झाले तर काम करा. चपटी पडली तर थांबा. गोळाच होत नसेल तर पहिल्या वळवाच्या पावसानंतर दोन-चार दिवस वाट पाहा, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओल असतानाच उरका.

चाक किती घसरते हेही मोजा. टायरला खडूची खूण करा, अवजार न लावता चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जाते ते मोजा, समजा २८ मीटर. नांगर जमिनीत असताना दहा फेऱ्यांत २४ मीटर गेले तर घसरण १४ टक्के, ठीक आहे. २२ मीटर झाले तर २१ टक्के : टायर आणि डिझेल दोन्ही वाया. मग खोली कमी करा, नाहीतर मागच्या टायरमध्ये पाणी भरा. व्हॉल्व्ह वर आणून त्याच्या पातळीपर्यंत भरले की टायर पाऊण भरतो. आणि ड्राफ्ट कंट्रोलचा (ओढ वाढली की नांगर आपोआप थोडा वर घेणारा) दांडा असेल तर नांगरताना तोच वापरा. पोझिशन कंट्रोलवर (अवजार एकाच उंचीवर धरणारा दांडा) नांगर चालवणारे बरेच दिसतात, आणि मग जमीन कडक लागताच ट्रॅक्टर अडकला म्हणून तक्रार करतात.

प्रश्न : नव्या रानात रोटाव्हेटर टाकला की उड्या मारतो, ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, आणि दर अर्ध्या तासाला शिअर बोल्ट तुटतो. मेकॅनिक जाड बोल्ट टाकू म्हणतो. (माढा तालुका)

जाड किंवा हाय टेन्साइल बोल्ट टाकू नका. बोल्ट वाचला की पुढचा धक्का गिअरबॉक्सला किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) बेअरिंगला बसतो. कारखान्याने दिलेल्या ग्रेडचाच टाका.

रोटाव्हेटर पुढे ढकलतो याचे कारण साधे आहे. रोटर चाकांच्याच दिशेने फिरतो. पात्याला जमीन कापता आली नाही की तो तिच्यावर चालू लागतो, म्हणजे अवजारच तिसऱ्या चाकासारखे वागते. मोडलेल्या जमिनीत हे जाणवत नाही, न मोडलेल्या रानात ट्रॅक्टर अचानक पुढे सरकतो. उतारावर हे धोक्याचे. म्हणून रोटाव्हेटर हे जमीन फोडायचे नव्हे, फोडलेली बारीक करायचे यंत्र आहे. आधी रिपर आणि फण फिरवा. तरीही चालवायचाच असेल तर पहिल्या फेरीत ५ सेंमी, सर्वांत कमी गिअर, ताशी २ किमीच्या आसपास, मागची फळी उचललेली. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवरच ठेवा. इंजिन मंद ठेवून गिअर वाढवला की प्रत्येक पात्याला मोठा घास येतो आणि बोल्ट तुटतो.

रुंदीही पाहा. २४ एचपीच्या इंजिनातून पीटीओला साधारण २० एचपी मिळतात. मोकळ्या रानात तेवढ्यावर ४ फुटी चालतो, नव्या रानात ३ ते साडेतीन फुटीच. मात्र रोटाव्हेटर चाकांच्या बाहेरच्या रुंदीपेक्षा अरुंद असेल तर एक चाक मागे माती दाबत जाते. आधी फीतपट्टीने मोजा, गरज पडली तर अवजार एका बाजूला सरकवून बसवा.

आता बोल्टाकडे वळू. तो पुन्हा पुन्हा तुटण्याची इतर कारणे अशी : पीटीओ रोटर जमिनीत असतानाच जोडणे (रोटर वर उचलून जोडा, मग हळूहळू खाली सोडा), बोल्टचे भोक झिजून लांबट होणे, आणि पीटीओ व रोटाव्हेटर जोडणाऱ्या शाफ्टची लांबी. अवजार वर-खाली करून पाहा. शाफ्टची दोन्ही नळकांडी सर्वांत जवळ येतात त्या स्थितीत आतल्या नळीला किमान २५ मिमी मोकळीक राहिली पाहिजे, आणि सर्वांत लांब होतात तिथे एक-तृतीयांश लांबी एकमेकांत असली पाहिजे. शाफ्ट लांब पडला तर तो दाबून गिअरबॉक्स फोडतो. दोन्ही टोकांच्या जॉइंटचे आतले काटे एकाच पातळीत असावेत. ते फिरवून जोडले गेले तर रोटर कंप पावतो. वळताना उचललेला रोटाव्हेटर चालू ठेवू नका. शाफ्टचा कोन वाढला की जॉइंट ठोकतो.

पाती दर चार-पाच तासांनी तपासा. पहिल्या दिवशी तर दोनदा बोल्ट आवळा, कारण नव्या पात्यांचे बोल्ट रंगामुळे सैल होतात.

प्रश्न : मोठ्या ४५ एचपी ट्रॅक्टरचा दोन फाळी नांगर स्वस्तात मिळतो आहे. पिना बसत नाहीत, पण बुश टाकून चालेल का? (बार्शी तालुका)

बुश टाकून बसेल, पण वापरू नका.

छोट्या ट्रॅक्टरची जोडणी बहुधा कॅटेगरी १ ची (जोडणीचे ठरलेले माप) असते : खालच्या दांड्यांच्या पिना २२ मिमी, वरच्या दांड्याची, म्हणजे टॉप लिंकची, १९ मिमी. मोठ्याची कॅटेगरी २ : खाली २८, वर २५ मिमी. अगदी छोट्यांवर कॅटेगरी १एन असते, पिना त्याच पण खालच्या दोन दांड्यांमधली रुंदी ४०० मिमीच्या आसपास. म्हणून विकत घेताना पिना आणि रुंदी दोन्ही मोजून न्या. बुश टाकून पिना बसल्या तरी नांगराचे वजन कमी होत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

समजा नांगर ३३० किलो. त्याचे वजन मागच्या अॅक्सलपासून १.४ मीटर मागे लटकते, आणि ट्रॅक्टरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधले अंतर) १.५ मीटर. नांगर उचलला की पुढच्या चाकांवरून ३३० गुणिले १.४ भागिले १.५, म्हणजे ३०८ किलो भार कमी होतो. ८५० किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढे साधारण ३४० किलोच असतात. उरले ३२. स्टिअरिंगला किमान एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्याचा, म्हणजे १७० किलोंचा भार लागतो. बांधावर चढताना नाक वर जाणार. हायड्रॉलिकची उचल क्षमता छापील दिसते तीही खालच्या दांड्यांच्या टोकावरची असते, त्याच्या मागे ती झपाट्याने कमी होते.

प्रश्न : रानात कुंदा आणि हरळी भरपूर आहे. मिनी ट्रॅक्टरने संपेल का? (राहुरी तालुका)

हरळी आटोक्यात येईल, कुंदा कठीण.

रोटाव्हेटर पहिल्या वर्षी नकोच. हरळीचे प्रत्येक पेर तुटून नवे रोप होते, एकाचे शंभर होतात. उन्हाळ्यात नांगरून ढेकळे उलटी टाकायची आणि फोडायची नाहीत. तीन-चार आठवडे ऊन खाऊ द्या, मग स्प्रिंगच्या फणाने काड्या वर आणून वेचा आणि जाळा. ढेकूळ फोडले की आतली ओल टिकते आणि काडी जगते, त्यामुळे रान ओबडधोबड दिसले तरी चालेल.

कुंद्याच्या काड्या याहून खोल जातात. २० ते २५ सेंमीची नांगरट त्यांचे वरचे टोकच कापते. काळ्या रानात उन्हाळ्यात ओढ ४०५ किलो लागते हे वर पाहिले, म्हणजे छोटा ट्रॅक्टर ज्या महिन्यात जमीन कापायला हवी त्याच महिन्यात कमी पडतो. इथे हट्ट करू नका. एकदा ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरला रिव्हर्सिबल नांगर लावून एप्रिलमध्ये ३० सेंमी किंवा जास्त खोल नांगरून घ्या. पुढची दोन वर्षे उन्हाळी नांगरट आणि वेचणी तुमच्या ट्रॅक्टरने. लव्हाळा असेल तर गाठी खोल राहतात, नुसत्या नांगरटीवर विसंबू नका.

प्रश्न : आमची जमीन कातळाची. रिपरने थर फुटेल का? (राजापूर तालुका)

जांभा कातळ छोट्या ट्रॅक्टरने फुटत नाही, प्रयत्नही करू नका. कलमांसाठी खड्डे हवेत तर ब्रेकर लावलेले यंत्र भाड्याने आणा, आणि मातीचा थर जिथे ३० सेंमीपेक्षा जास्त आहे तेवढ्याच पट्ट्यात अवजारे फिरवा. लोखंडी सळई ठोकून थर तपासता येतो.

प्रश्न : झाडाचे बुडखे साखळीने ओढून काढता येतील का? (अकोले तालुका)

मनगटाएवढे येतात. साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला (ट्रॅक्टरमागच्या ओढायच्या पट्टीला) बांधा, टॉप लिंकला किंवा उचललेल्या दांड्यांना कधीच नाही. वर बांधली की ओढ ट्रॅक्टरचे नाक उचलते आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत तो मागे उलटतो. सैल साखळी ताणून घेऊन हळूच ओढा, झटके देऊ नका, आणि तारेचा दोर वापरला तर त्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नका. बुंध्याजवळ १० सेंमीपेक्षा जाड बुडखे असतील तर जेसीबी एक दिवस सांगा. आठवडाभर ट्रॅक्टर झिजवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.