दादाला ब्लॉक केलंय

निवडणुका तोंडावर आल्या की, आणि हल्ली त्या होऊन गेल्यावरही, समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येते. "घरात आता बोलायची सोय राहिली नाही." कुणाचा मुलगा, कुणाचा जुना मित्र 'त्या बाजूचा' झालेला असतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: अशा माणसाशी नातं ठेवायचं तरी कसं? एका ताईंचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई चाळिशीतल्या. वडील लवकर गेले, थोरल्या भावाने शिकवलं. त्याच भावाला त्यांनी ब्लॉक केलं होतं. "दिवसभर ते व्हिडिओ बघतो आणि तेच ऐकवतो. हा माझा दादाच नव्हे, मॅडम."

सुरुवातीच्या भेटी रागातच गेल्या आणि तो राग मी बाहेर पडू दिला. मग एकदा म्हटलं, "दादाचं म्हणणं दादा होऊन सांगा. तो इथे असता तर 'हो, हेच' म्हणाला असता, असं."

ही कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांची. समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना त्याचं समाधान होईल अशी सांगितल्याशिवाय आपलं मत मांडायचं नाही, हा नियम त्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात सुचवला. माझं काम रॉजर्स यांच्याच वाटेने चालतं आणि या नियमाइतकं साधं नि ताकदीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

ताईंना जमेना. आधी नक्कल झाली, मग टोमणा. पुढच्या खेपेला त्या थांबत थांबत बोलू लागल्या. "माझा धंदा बसला तेव्हा कुणी फिरकलं नाही. तूपण नाही. हे लोक आले. कागदपत्रांसाठी धावले, रात्री-अपरात्री फोन उचलला. आता तू म्हणतेस, ते सगळे वाईट." एवढं बोलून त्या गप्प झाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "'तूपण नाही' हे कुठून आलं, मॅडम? दादा असं कधीच म्हणालेला नाही."

मी बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकाने अर्थ सांगण्याची घाई केली की सगळं निसटतं. ती शांतता सांभाळता येणं, ही मी या कामातली खरी कमाई मानते.

माझ्या अनुभवात, घरातल्या राजकीय भांडणाखाली बऱ्याचदा दुसरं एक भांडण असतं: कुणीतरी अडचणीत असताना कुणीतरी आलं नव्हतं. वरचे मतभेद खोटे असतात असं मुळीच नाही. पण खालचं न बोलता वरचं कितीही वाजवलं तरी ते मिटत नाही.

पुढे दादा स्वतः आले. नियम तोच.

"हिला वाटतं, मी बावळट आहे."

"नाही दादा. मला भीती वाटते. तुझ्या ग्रुपवर माझ्यासारख्यांना देशद्रोही म्हणतात आणि तू त्याला अंगठा देतोस."

दादांनी हे परत सांगायचा दोनदा प्रयत्न केला. मग खाली बघत म्हणाले, "तो शब्द तुलाही लागत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं."

दोघांचीही मतं आजही जिथल्या तिथे आहेत. पण आईच्या उपचारांचं आता दोघं मिळून बघतात. हे मी मुद्दाम सुचवलं होतं. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की वेगळ्या गटातली माणसं नुसती भेटल्याने पूर्वग्रह कमी होतातच असं नाही. बरोबरीचं स्थान, सामाईक उद्दिष्ट, ते गाठायला लागणारं सहकार्य आणि दोघांनाही मान्य अशा अधिकाराचा पाठिंबा लागतो. म्हणून 'राजकारण सोडून गप्पा मारू' असं ठरवण्यापेक्षा एखादं खरं काम दोघांनी मिळून अंगावर घ्या. मोठ्यांपैकी कुणी त्याला पाठबळ दिलं तर उत्तम.

जिथे धमक्या आहेत, अपमान रोजचाच आहे, तिथे मात्र हा सल्ला लागू नाही. तिथे अंतर ठेवा, आधार शोधा, त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

आणि समोरचा हा नियम पाळणारच नसेल तर? हे मला हमखास विचारतात. तरीही एकट्याने करून बघा. ताई दादा होऊन बोलल्या, तेव्हा दादांना त्या माझ्याकडे येतात हेही ठाऊक नव्हतं. ब्लॉक त्यांनी त्याच आठवड्यात काढला, आणि पहिला फोन धंद्याच्या त्या दिवसांबद्दल विचारायला केला.