कशिदा काढतात, विणत नाहीत

प्रश्न असा आला आहे: फ्रान्समधल्या बायो गावच्या प्रसिद्ध टेपेस्ट्रीतले घोडेस्वार उचलून भाचीनं आपल्या आवडत्या मालिकेवर मीम केलं. मावशीनं ते घरच्या ग्रुपवर टाकताना वर लिहिलं, ‘मध्ययुगीन गालिच्यावरचा विनोद’. भाची म्हणाली, हा गालिचा नव्हे. मग मराठीत म्हणायचं काय?

भाचीचं बरोबर आहे, मावशी. गालिचा पायाखाली, टेपेस्ट्री भिंतीवर. त्यावर जास्त बोलायला नको. पण तुमच्या ओळीत पुढे ‘किती बारीक विणलंय’ असंही आहे आणि तिथे मला थांबावंच लागतं. कारण याच्या बरोबर उलटी चूक मी प्रत्येक लग्नात ऐकतो: ‘पैठणीवर काय सुंदर मोर काढलेत!’ अहो, पैठणीवर मोर कोणी काढत नाही. तो मागावर विणला जातो. प्रत्येक रंगाचा आडवा दोरा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या दोऱ्यात अडकतो आणि मागे फिरतो. पदर उलटून बघा, मोर तिकडूनही तितकाच स्वच्छ दिसेल. टेपेस्ट्री या शब्दाचा काटेकोर अर्थ हाच. म्हणजे पैठणीचा पदर खरी टेपेस्ट्री आणि बायोची टेपेस्ट्री मुळीच नाही!

बायोचं ते भरतकाम. जवळजवळ ७० मीटर लांब आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद लिननची पट्टी, तिच्यावर लोकरीच्या दोऱ्यानं १०६६ सालची इंग्लंडवरची स्वारी. आकृतीची कड पीळदार टाक्यानं, आत लोकरीचे दोरे एकमेकांना चिकटून अंथरलेले, त्यांवर अंतरा-अंतरानं आडवे दोरे, आणि ते बारीक टाक्यांनी जखडलेले. आकृती अक्षरशः भरायची, म्हणून भरतकाम. घोड्याचे पलीकडचे पाय मुद्दाम वेगळ्या रंगात भरलेत, म्हणजे ते मागे आहेत हे कळावं. १४७६ साली बायोच्या कॅथेड्रलमधल्या वस्तूंची यादी करणाऱ्यानं ‘भरतकाम केलेली फार लांब, अरुंद कापडी पट्टी’ अशीच नोंद केली होती. त्याला कळलेलं पुढच्या लोकांनी घालवलं. उलट गेम ऑफ थ्रोन्स या मालिकेच्या कथेवर त्याच धर्तीची जी पट्टी २०१७ मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये लागली, ती यंत्रमागावर विणून मग वरून हातानं भरलेली आहे. नक्कल निदान विणलेली तरी आहे, अस्सल पट्टी तर विणलेलीच नाही.

आता ज्या शब्दासाठी मी हे लिहायला बसलो तो शब्द: कशिदा. फारसीत ‘कशीदन’ म्हणजे ओढणे, खेचणे, रेघ मारणे. कशिदा म्हणजे ओढलेलं. विडीचा कश यातलाच, मन ओढून घेणारं ते दिलकश यातलंच. अरबी-फारसी लिपीत शब्द लांबवायला दोन अक्षरांमधली रेघ ताणतात, तिलाही कशिदाच म्हणतात. आपली मुलं ‘लईईईई भारी’ लिहितात तेव्हा तोच हात चालवत असतात. (स्तुतीचा ‘कसीदा’ मात्र अरबी, वेगळ्या धातूचा. नेत्याच्या स्तुतीचे ‘कशिदे काढले’ असं छापणाऱ्यांनी दोन अनोळखी शब्दांचं लग्न लावलंय.)

हा ‘कशीदन’ आणि आपला संस्कृत ‘कृष्’ सख्खे भाऊ आहेत. कर्षण, आकर्षक, नांगराचं तास ओढणारी कृषी, सगळं तिथलंच. दिलकश आणि आकर्षक ही एकाच घरातली माणसं आहेत, हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी भेटेल त्याला ते सांगत सुटलो होतो.

आणि आपण कशिद्याचं काय करतो? कशिदा काढतो. हे ‘काढणे’ प्राकृतातल्या ‘कड्ढ’पासून आलं, आणि बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन आचार्यानं आपल्या प्राकृत व्याकरणात ‘कड्ढ’ हा ‘कृष्’चाच आदेश, म्हणजे त्याच्या जागी येणारं रूप, म्हणून दिला आहे. म्हणजे ‘कशिदा काढणे’ यातले दोन्ही शब्द एकाच धातूचे! एक इराणातून फिरून आला, दुसरा घरीच वाढला, आणि सुईच्या टोकाशी दोघांची गाठ पडली.

यावर काही भाषाशास्त्री नाक मुरडतात. ‘कड्ढ’ हा ‘कृष्’च्या ‘कृष्ट’ या रूपातून आला म्हणावं, तर ‘ष्ट’चा ‘ट्ठ’ व्हायला हवा, दृष्टीची दिठी झाली तसा. ‘ड्ढ’ कुठून आला, म्हणून ‘काढणे’ देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेला, धातू समजा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. दंष्ट्रेची दाढ झालेली चालते, वेष्टण्याचं वेढणं झालेलं चालते, कुष्ठाचं कोड झालेलं चालते, मग एकट्या कृष्टानंच काय घोडं मारलंय? नियम दाखवून नातं तोडायचं आणि त्याच नियमाचे अपवाद शेजारच्या पानावर मुकाट्यानं मान्य करायचे, याला मी शास्त्र म्हणत नाही. हेमचंद्र प्राकृतात मुरलेला होता. मी त्याच्या बाजूला आहे.

‘काढणे’ची पोच तर बघा. चित्र काढतो, रांगोळी काढतो, फोटो काढतो, तसाच चिमटा काढतो, खोडी काढतो, उणंदुणं काढतो. रेघ आणि टवाळी या दोन्हींसाठी एकच क्रियापद. बायोच्या पट्टीत एका जागी माणसांचा घोळका आकाशातल्या शेपटीवाल्या ताऱ्याकडे, म्हणजे हॅलेच्या धूमकेतूकडे बोटं दाखवतोय आणि वर लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘हे ताऱ्याकडे थक्क होऊन बघताहेत’. वर एक ओळ, खाली डोळे विस्फारलेली माणसं. भाचीला याच पट्टीतले घोडेस्वार मीमसाठी सुचले यात मला काहीच नवल वाटत नाही.

तेव्हा मावशी, बायोच्या त्या पट्टीला ‘कशिदापट’ म्हणा. आणि भाचीनं मीम ‘बनवलं’ म्हणू नका, मीम काढलं म्हणा.