नागपुरात राहून क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएच.डी.साठी कोणता अनुभव मिळवावा?

तुम्ही विचारलंय की नागपूर विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. झालंय, समुपदेशन केंद्रांतल्या तीन छोट्या इंटर्नशिप आणि बरीच ऑनलाइन प्रमाणपत्रं गाठीशी आहेत, अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीची पीएच.डी. करायची आहे, तर अर्जाआधी आणखी कोणत्या इंटर्नशिप कराव्यात?

आता एकही छोटी इंटर्नशिप करू नका. एका संशोधनात, एकाच माणसाच्या हाताखाली, दीड-दोन वर्षं काढा. मी अमेरिकेत याच पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे आणि हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा माझी फाइल तुमच्यासारखीच होती. आठ विद्यापीठं, आठही नकार, मुलाखतीचं बोलावणं एकाचंही नाही. एक शिफारसपत्र अशा केंद्राच्या संचालकांचं होतं, जिथे मी पंधरा दिवस बसले होते. त्यांनी मला काम करताना पाहिलंच नव्हतं. पत्र मलाच टाइप करून आणायला सांगितलं आणि खाली सही केली. मीही आणलं, तेव्हा त्यात काही गैर वाटलं नाही. आज वाटतं, ज्याने आपलं काम पाहिलेलं नाही त्याच्याकडे पत्र मागूच नये.

तिकडची पीएच.डी. कशासाठी आहे ते आधी समजून घ्या. १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरला जी परिषद झाली तिथून चालत आलेली कल्पना अशी की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा संशोधकही असला पाहिजे आणि उपचार करणाराही. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी विद्यार्थी एका ठरावीक प्राध्यापकासाठीच निवडला जातो. पाच-सहा वर्षं त्यांच्या लॅबमध्ये जाणार, फी बहुधा माफ, वर स्टायपेंड. साहजिकच ते बघतात की हिने संशोधनातलं कंटाळवाणं काम केलंय का, आणि हिचा प्रश्न आपल्या प्रश्नाशी जुळतो का. उपचारांवर भर देणारी साय.डी. ही वेगळी पदवी आहे. तिचा खर्च बहुतेकदा स्वतःलाच उचलावा लागतो.

नकारानंतर मी शहरातल्या एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले. पगार जेमतेम. काम म्हणजे ओपीडीबाहेरच्या टेबलावर बसून संमतिपत्र समजावून सांगायचं आणि पीएच-क्यू-नाइन ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरून घ्यायची. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दिसायला इतकं सोपं.

एक दिवस काटोलकडच्या एक मावशी आल्या (गाव बदललंय, ओळख पटू नये म्हणून). आमच्या छापील मराठीत पहिल्या प्रश्नात 'कामात रस' असे शब्द होते. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काम त कराच लागते ना बाई. रस कायचा?" मी शून्यावर, म्हणजे 'त्रास नाही'वर, खूण करणार होते. शेजारी बसलेल्या आमच्या मॅडमनी हात धरला आणि म्हणाल्या, "मन लागतं का, असं विचार." मावशींनी पदर सावरला, खाली बघत म्हणाल्या, "मन नाही लागत. दिवाळीपासून नाही लागत." तेव्हा मार्च संपत आला होता. आम्ही विचारत होतो दोन आठवड्यांचं, त्या मोजत होत्या सणापासून. मॅडमनी तो प्रसंग वहीत लिहून ठेवायला लावला. तशा सत्तर-ऐंशी नोंदी झाल्या आणि त्यातूनच माझा संशोधनाचा प्रश्न निघाला: आपल्याकडची माणसं उदासी कोणत्या शब्दांत सांगतात, आणि प्रश्नावली ती कुठे चुकवते.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याशिवाय कोणतंही उत्तर आलं, तर माणसाला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यायचं. ही व्यवस्था आधीच ठरलेली नसेल तर त्या टेबलावर बसू नका. आणि देखरेखीशिवाय कुणाचं समुपदेशन तर अजिबात करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

असं काम मिळवायचं कुठून? जिथे एम.डी. सायकियाट्री आहे तिथल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध करावा लागतो, आणि प्रश्नावल्या भरून घेणारं, गुण तपासणारं माणूस त्यांना हवंच असतं. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, एम्स, प्रादेशिक मनोरुग्णालय, सगळीकडे स्वतः जाऊन विचारा. ईमेलची वाट बघू नका. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का आणि पेपरवर तुमचं नाव येणार का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा. यात संकोच नको. आर किंवा जामोवी हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते शिका. आपल्या शहराला या कामाची परंपराही आहे: सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केलचं डॉ. ए. जे. मालिन यांनी केलेलं भारतीय रूप 'नागपूर अ‍ॅडॅप्टेशन' म्हणूनच ओळखलं जातं.

रुग्ण बघण्याचा अनुभव नको असं नाही. हिस्टरी घेताना, केस मांडताना बाजूला बसा. रोज दुःख ऐकायला आपल्याला जमेल का, ते तिथेच कळतं.

परत येऊन इथेच काम करायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. मानसशास्त्रातली साधी पीएच.डी. त्याला पुरत नाही. नेहमीचा रस्ता दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता. यूजीसीने २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केलं आणि या विषयाला २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. म्हणून आता कोणते अभ्यासक्रम मान्य आहेत ते आरसीआयच्या साइटवरच बघा.

अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या आसपास असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्राध्यापकांना चार ओळींचं पत्र लिहा: यंदा विद्यार्थी घेताय का, आणि माझा प्रश्न हा आहे. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला पदवीला किती वर्षं लागतात, किती जण मध्येच सोडतात, याचे आकडे साइटवर द्यावेच लागतात, तेही वाचा.

दुसऱ्या वेळी मी पाचच अर्ज केले. सगळी प्रमाणपत्रं सीव्हीतून काढून टाकली आणि निवेदनाची सुरुवात काटोलच्या मावशींपासून केली. मॅडमनी शिफारसपत्र स्वतः लिहिलं, मला दाखवलंही नाही. दोन ठिकाणी मुलाखत झाली. आज ज्यांच्या लॅबमध्ये आहे, त्यांनी अर्धा तास फक्त 'मन लागत नाही' याचा अर्थ विचारला.